घड्याळ नसलेलं टेबल

मी पंच झाल्यापासून आमच्या घरात कुणी सुखाने जेवलेलं नाही. आईने वाढायला उशीर केला की मी तिला ताकीद द्यायची. बाबा अंघोळीला गेले की दाराबाहेर उभी राहून म्हणायची, वेळ संपत आली आहे, चालू डाव पूर्ण करा. बाबा आतून जे म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही. आई म्हणायची, पोरीला शिंगं फुटलीत. फुटली होतीच. चांगली दोन, आणि मला ती फार शोभत होती.

आता तुम्ही म्हणाल, कसली पंच. तर रंगीत कार्डांचा एक खेळ असतो. राक्षस, किल्ले, वादळं अशी कार्डं. प्रत्येकाने आपापला गठ्ठा जमवून आणायचा, पिसायचा, आणि एकेक कार्ड उतरवत समोरच्याचे वीस जीव संपवायचे. लहान मुलांचं काहीतरी असेल असं वाटतं ना? स्पर्धेला या. टकलू लोक घाम पुसताना दिसतील. या खेळाचं नियमांचं पुस्तक आमच्या इतिहासाच्या पुस्तकापेक्षा जाड आहे, आणि मी ते पाठ केलं. शाळेत ज्या मुलीला फळ्यापुढे उभं केलं की घशातून शब्द फुटत नव्हता, तीच मी काळा टी-शर्ट घालून मोठ्या माणसांना सांगत होते, "काका, हात टेबलाच्या वर ठेवा." आणि काका ठेवत होते.

हा खेळ मला मामाने शिकवला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. तो दातांच्या लॅबमध्ये काम करतो. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा साचा पाठवतात, मामा त्यावरून प्लास्टरचा जबडा ओततो आणि मेणात एकेक दात बसवतो. रंग जुळतो का ते बघायला दात खिडकीशी नेतो, मग दिव्याखाली, मग परत खिडकीशी. तोवर डॉक्टरांचे फोन येत राहतात. मामा म्हणतो, तो माणूस म्हातारा होईपर्यंत या दाताने हसणार, मी जरा नीट बघू नको?

खेळतानाही तो असाच. हातातली कार्डं बघणार, समोरची बघणार, छताकडे बघणार. हॉलमधले लोक त्याला गोगलगाय म्हणतात, अगदी तोंडावर, आणि मामा हसतो. वाईट खेळत नाही तो, उलट फार चांगला खेळतो. घरी, लॅबच्या टेबलावर, जबडे बाजूला सारून खेळायला बसलो की आजवर त्याला कुणी हरवलेलं नाही. पण स्पर्धेत प्रत्येक फेरी म्हणजे तीन डावांचा एक सामना, दोन डाव जिंकेल तो जिंकला, आणि त्याला पन्नास मिनिटं असतात. भिंतीवरच्या पडद्यावर आकडे उलटे धावत असतात. वेळ संपली की चालू पाळी पुरी करायची, मग दोघांच्या मिळून फक्त पाच पाळ्या, आणि तरीही निकाल लागला नाही तर बरोबरी. बरोबरीला एक गुण. जिंकलं तर तीन. मी बालवाडीत होते तेव्हापासून मामा बरोबऱ्या घेऊन घरी येतोय.

आणि आता जे सांगते ते नीट लक्षात ठेवा. शेवटच्या आठांना वेळेची मर्यादा नसते. फेऱ्या संपल्या की वरच्या आठ जणांना दोरीच्या आत, वेगळ्या टेबलांवर बसवतात, आणि पडद्यावरचं घड्याळ बंद करतात. तिथे विचार करत बसा हवं तितकं. मामाला आयुष्यात एकदाच त्या टेबलावर बसायचं होतं. चषक नको, फोटो नको. तो म्हणायचा, "एकदा मला बसून विचार करू दे गं. मग हरलो तरी चालेल."

पुढच्या महिन्यापासून लॅब रविवारीही चालू राहणार होती आणि रविवारची पाळी मामाची. स्पर्धा रविवारीच असतात. म्हणजे ही शेवटची, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, पण स्कूटरवरून जाताना आम्ही त्याबद्दल बोललो नाही. त्याने फक्त विचारलं, "आज न्यायाधीशसाहेबांचा मूड कसा आहे?" मी म्हटलं, कडक.

आमच्या मुख्य पंच एक बाई आहेत. एरवी त्या बसडेपोत वेळापत्रकं लावतात, म्हणून सगळे त्यांना डेपोबाई म्हणतात. त्या कधीच आवाज चढवत नाहीत आणि त्यांना कधीच दोनदा सांगावं लागत नाही. पंचांच्या परीक्षेच्या वेळी मी त्यांना विचारलं होतं, संथ खेळणाऱ्याला ताकीद द्यायची ती नेमकी किती सेकंदांनी? त्या म्हणाल्या, सेकंद नसतात. या जागी दुसरा कुणी असता तर त्याला मी एवढा वेळ दिला असता का, असं स्वतःला विचारायचं. आवडता असो की नावडता. मला ते इतकं आवडलं की मी घरी भिंतीवर लिहिलं. आईने पुसायला लावलं.

त्या दिवशी सकाळी त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की मामाच्या टेबलावर मी कुठलाही निर्णय द्यायचा नाही. काही झालंच तर हात वर करायचा आणि त्यांना बोलवायचं. मी म्हटलं, अर्थात. मी म्हणजे अगदी नियमांची पुतळीच होते.

हॉल बॅडमिंटनचा होता. फरशीवरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर लांब टेबलं मांडली होती, आणि लोकांच्या बुटांचा चुंई चुंई आवाज दिवसभर चालू होता. डेपोबाईंनी नेहमीची सूचना वाचली. निकाल खेळूनच लावायचा. निकालाच्या कागदावर सही होईपर्यंत कुणाला स्वतःहून हार मानायची असेल तर मानावी, पण त्याबदल्यात काही घ्यायचं-द्यायचं नाही. आणि नाणं, फासा, चिठ्ठी अशा कशानेही निकाल ठरवायचा नाही. तसं नुसतं सुचवलं तरी सुचवणारा तो सामना हरला. समोरच्याने हो म्हटलं तर तोही हरला. ही सूचना लोक विमानातल्या सूचनांसारखी ऐकतात, म्हणजे ऐकत नाहीत. बरेचसे तेव्हा गठ्ठे पिसत होते.

दिवसभरात मी तीन भांडणं मिटवली, एका माणसाला त्याचंच कार्ड वाचून दाखवलं, आणि येता-जाता मामाकडे तिरक्या नजरेने बघितलं. मामा जिंकत होता. कसा, देव जाणे. तो चक्क भराभर खेळत होता, म्हणजे त्याच्या मानाने. कपाळावर घाम होता. जेवणाच्या सुट्टीत तो म्हणाला की बस पकडायला धावल्यासारखं वाटतंय, मजा काही येत नाहीये, पण आज धावतो.

शेवटच्या फेरीला हिशोब सरळ होता. मामा जिंकला तर आठात. समोरचा जिंकला तरी तो आठात. बरोबरी झाली तर दोघंही बाहेर.

समोरचा एक बेकरीवाला होता. अवाढव्य माणूस, बोटं पावाएवढी, नखांच्या कडांना पीठ. त्याची कार्डं गुलाबी चकचकीत पाकिटांत होती, कारण ती त्याच्या मुलीने घालून दिली होती. हे त्याने मामाला सांगितलं, शेजारच्या टेबलालाही सांगितलं आणि मी जवळून जात होते तर मलाही सांगितलं. त्याची ही पहिलीच मोठी स्पर्धा. मुलीने शिकवलं म्हणे, आणि तिलाच ताप आला म्हणून तो एकटा आला होता. कार्ड उतरवताना तो दर वेळी "माफ करा हं" म्हणत होता. मामाचा राक्षस मारला, माफ करा हं. मामाचा किल्ला पाडला, माफ करा हं. मामाला तो आवडला होता, हे मला लांबूनही कळत होतं. मामाला एखादा दात आवडला की तो जसा बघतो तसा बघत होता.

पहिला डाव मामाने घेतला, दुसरा बेकरीवाल्याने. तिसऱ्यात वेळ संपली.

वेळ संपते तेव्हा जी टेबलं चालू असतात त्या प्रत्येकापाशी एक पंच उभा राहून उरलेल्या पाळ्या मोठ्याने मोजतो. तीन टेबलं चालू होती आणि आम्ही पंच तीनच होतो. डेपोबाईंनी दोन अवघड टेबलं स्वतःकडे आणि दुसऱ्या पंचाकडे घेतली, आणि मला बोटाने मामाचं टेबल दाखवलं. फक्त मोज, असं त्या ओठांनीच म्हणाल्या. एक ते पाच आकडे. त्यात कसला आलाय पक्षपात?

मामाची चालू पाळी संपली. मी म्हटलं, एक. बेकरीवाला खेळला, माफ करा हं. मी म्हटलं, दोन. मामा खेळला. बेकरीवाल्याचे सात जीव उरले. तीन. बेकरीवाल्याने भिंत उभी केली. चार. ही मामाची शेवटची.

मामाने हातातली कार्डं टेबलावर उपडी ठेवली, परत उचलली, छताकडे बघितलं. मी त्याच्या मागे उभी होते, म्हणजे त्याची कार्डं मला दिसत होती. माझ्या डोक्यात हिशोब धडाधड सुटत होता. वादळ आधी उतरवलं तर सहा जातात. राक्षस आधी घातला तर पाच. सात कशानेच जात नाहीत. मी उलटसुलट लावून बघितलं. मामाही तेच करत होता, मला त्याच्या मानेवरून कळत होतं. पंचाचा चेहरा दगडाचा असावा लागतो. माझा होता. टी-शर्टच्या आतलं कुणाला दिसत नाही, हे बरं.

त्याने वादळ उतरवलं. सहा गेले. बेकरीवाल्याचा एक जीव उरला.

मी म्हटलं, पाच. बेकरीवाल्याच्या हातात काहीच नव्हतं, ते त्याने प्रामाणिकपणे दाखवलंही. संपलं. बरोबरी.

मामाने आपली कार्डं गोळा करायला घेतली. मग बेकरीवाला म्हणाला, "म्हणजे आता आपण दोघंही घरी?"

मामाने मान हलवली.

"पण हे काही बरोबर नाही राव. एकाची तरी जागा लागायला पाहिजे."

इथवर ठीक होतं. असं बोलायला नियमाची हरकत नाही. पण त्याचा उजवा हात खिशाकडे गेला. त्या हाताला काय हवंय ते मला कळलं. मी बोलायला हवं होतं ना? काका थांबा, पुढचं वाक्य बोलू नका, एवढंच. पण तेही मना आहे. खेळाडू आता काय बोलेल याचा अंदाज घेऊन पंचाने त्याला सावध करायचं नाही. कारण तेच वाक्य पलीकडच्या एखाद्या टेबलावर कुणी बोललं आणि तिथे पंच उभा नसला तर? त्याने काय पाप केलं? हा नियम मी परीक्षेत लिहिला होता, उदाहरणासकट, आणि पैकीच्या पैकी गुण मिळवले होते.

"नाणं उडवू या," बेकरीवाला म्हणाला. "छापा आला तर तुम्ही, काटा आला तर मी. देवाने ठरवावं. काय?"

आता काय झालं ते बघा. मामाला नियम ठाऊक होता. तो ही सूचना माझ्या बालवाडीपासून ऐकत आला होता. त्याने नुसता हात वर केला असता, "पंच" असा एक शब्द उच्चारला असता, तर बेकरीवाला सामना हरला असता आणि मामा जिंकला असता. आठात. दोरीच्या आत. घड्याळ बंद. घास अगदी ओठाला लागला होता. आणि त्यात काही लबाडी नव्हती, उलट असं ऐकलं की पंचाला बोलवायचं, हेच खेळाडूचं कर्तव्य आहे.

मामाने बेकरीवाल्याकडे बघितलं. मग त्या गुलाबी पाकिटांकडे. आणि जो माणूस एका दातासाठी खिडकीपर्यंत चार खेपा घालतो, त्याने आयुष्यात पहिल्यांदा क्षणाचाही विचार न करता हात पुढे केला आणि म्हणाला, "मी हरलो. तुम्ही जा आठात."

त्याला वाटलं, पंच काही बोलायच्या आधी आपण हार मानली की नाण्याचं ते वाक्य त्याखाली झाकलं जाईल. पण वाक्य आधीच बाहेर आलं होतं. आणि ते ऐकायला मी तिथे उभी होते.

माझा हात वर गेला. हात वर करायचं मी आरशासमोर शिकले होते, कोपर सरळ, बोटं जुळलेली. तो अगदी तसाच गेला. खरं सांगते, हात वर जात असताना माझ्या डोक्यात अख्खं पुस्तक भराभरा उलगडत होतं. कुठेतरी एखादा पोटनियम असेल. पहिल्यांदा खेळणाऱ्यासाठी. ताप आलेल्या मुलीच्या बापासाठी. मला सगळे नियम येतात. असा एकही नाही.

डेपोबाई आल्या. त्यांनी मला विचारलं, काय ऐकलंस? मी शब्दन् शब्द सांगितला. माझा आवाज छान खणखणीत आला. वर्गात कधी येत नाही तसा.

बेकरीवाला माझ्याकडे, मग डेपोबाईंकडे, मग नाण्याकडे बघत राहिला. नाणं अजून त्याच्या तळहातावरच होतं.

मामा म्हणाला, "अहो, ते गमतीत म्हणाले. आम्ही थट्टा करत होतो."

डेपोबाईंनी बेकरीवाल्याला विचारलं, "गमतीत म्हणालात?"

तिथे त्याने हो म्हणायला हवं होतं. मी मनात म्हणत होते, हो म्हणा, काका. मामाही डोळ्यांनी तेच म्हणत होता. हो म्हटलं असतं तरी सुटला असता की नाही माहीत नाही, पण निदान काहीतरी झालं असतं.

"नाही," बेकरीवाला म्हणाला. "मी खरंच म्हणालो. का, काही चुकलं का?"

मग डेपोबाईंनी त्याला समजावून सांगितलं. हळू, एकेक वाक्य थांबत, जसं त्या सगळ्यांनाच सांगतात. नाण्याने निकाल लावायचं सुचवलं, म्हणून हा सामना तो हरला. आणि मामाने स्वतःहून हार मानली, ती मागे घेता येत नाही, म्हणून मामाही हरला. दोघांना शून्य.

बेकरीवाल्याचा चेहरा कसा झाला ते मी सांगणार नाही. त्याने मामाला विचारलं, "पण तुम्ही का हरलात? तुम्ही तर काहीच केलं नाही."

मामा म्हणाला, "जाऊ द्या हो. मुलीचा ताप उतरला का ते बघा."

बेकरीवाला गुलाबी पाकिटं गोळा करायला लागला. त्याच्या हातून दोन खाली पडली. मामाने वाकून ती उचलली, टी-शर्टाच्या टोकाने पुसली आणि त्याला दिली. बेकरीवाला म्हणाला, माफ करा हं. या वेळी ते कशाबद्दल होतं ते कुणालाच नीट सांगता आलं नसतं.

डेपोबाई जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, बरोबर केलंस. एरवी त्यांनी असं म्हटलं असतं तर मी आठवडाभर शाळेत तेच सांगत फिरले असते. त्या वेळी वाटलं, त्यांनी मला ओरडायला हवं होतं. ओरडल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं. बरोबर असलं की कुणाशी भांडायचं?

आठवी जागा निळ्या टोपीवाल्या एकाला गेली. तो आपण बाहेर पडलो असं समजून हेल्मेट घालून पार्किंगमध्ये पोचला होता. त्याला हाक मारून परत आणावं लागलं. दोरी बांधली. पडद्यावरचं घड्याळ बंद झालं. पडदा काळा पडला आणि हॉल एकदम मोठा वाटायला लागला.

माझी ड्यूटी संपली नव्हती. शेवटच्या आठांच्या टेबलांवर पंच लागतातच, आणि मला निळ्या टोपीवाल्याचं टेबल मिळालं. मामाला माझ्यासाठी थांबणं भाग होतं, कारण मी घरी त्याच्याच स्कूटरवरून जाणार होते. तो दोरीबाहेर एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला. मी त्याच्याकडे बघितलं तर त्याने हाताने खूण केली, माझ्याकडे नको, टेबलाकडे बघ.

निळ्या टोपीवाल्याला घाई होती. घरी कुणीतरी वाट बघत असावं, किंवा आपण इथे चुकून आलोय असं त्याला वाटत असावं. तो कार्डं फेकल्यासारखी उतरवत होता. समोरचा म्हणाला, अरे सावकाश, इथे घड्याळ नाही. तो म्हणाला, हो हो, आणि पुढचं कार्ड फेकलं. मी हात मागे बांधून उभी होते. संथ खेळणाऱ्याला सांगायला नियम आहे. जो घाई करतो, त्याला थांब म्हणायला कुठलाच नियम नाही.

तो दोन डावांत हरला. इतक्या लवकर, की शेजारच्या टेबलावर अजून पहिला डाव चालू होता.

त्याचा निकाल घेऊन मी डेपोबाईंकडे निघाले. वाट मामाच्या खुर्चीजवळूनच जात होती. तो छताकडे बघत होता. मला वाटलं, आता तो काहीतरी म्हणेल, रागावेल, किंवा पाठीवर थाप मारेल, आणि दोन्हीतलं काहीही झालं तरी मी तिथेच रडेन, काळ्या टी-शर्टसकट.

मामा म्हणाला, "दुसऱ्या डावात त्याने किल्ला उतरवायची घाई केली बघ."

मी म्हटलं, हो.

"जरा थांबला असता तर वाचला असता. बसायचं होतं की शांतपणे. कोण उठवणार होतं त्याला?"

दोरीच्या आतून कुणीतरी हात वर केला आणि पंच म्हणून हाक मारली. मला जावं लागलं.